दुकानदार म्हणतो भंगारात द्या, हातात आहेत सहा हजार

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावाहून एका ताईंचं पत्र आलं. त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देतो:

"भाऊ, आमच्या घरी २०१३ च्या दिवाळीत घेतलेला कॉम्प्युटर आहे. आय-थ्री, तिसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज दहा टाकलेलं आहे. चालू केला की माझा चहा होऊन जाते तरी याचं गोल गोल फिरणं संपत नाही. कधी कधी तारीखच २०१२ ची होऊन जाते. लाइन गेली की यूपीएस एक टीं करते अन् सोबतच बंद. मी बचत गटाचा हिशोब याच्यावर ठेवते अन् गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देते, चार पैसे मिळतात. पोरगा अकरावीत आहे, कोडिंग शिकतो म्हणते, त्याला ग्राफिक कार्ड पाहिजे. तालुक्याच्या दुकानात नेला तर ते म्हणाले हा भंगारात द्या, आमच्याकडे आय-सेव्हनवाला सेकंडहँड आहे, साडेनऊ हजार. तूर विकून माझ्याजवळ सहा हजार आहेत, त्याच्यावर रुपया नाही. काय करू?"

ताई, भंगारात देऊ नका. पहिले हे सांगतो अन् मग बाकीचं. तुमच्या पत्रात जे लिहिलं आहे त्यातलं काहीही कॉम्प्युटर मेल्याचं लक्षण नाही. चालू व्हायला वेळ लागते ते हार्ड डिस्कमुळे, तारीख मागे जाते ते एका चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलमुळे, अन् यूपीएसची बॅटरी संपली. तीन वेगवेगळे आजार आहेत अन् तिन्हींचा इलाज तुमच्या सहा हजारात बसतो, उरतातही थोडे. पण पैसे कुठे पहिले घालायचे अन् कुठे घालायचेच नाहीत हा क्रम चुकला तर तेच सहा हजार पाण्यात जातात, हे मी बारा-तेरा वर्षं लोकांच्या कॉम्प्युटरचे डब्बे उघडून पाहून राहिलो म्हणून सांगतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरीच पाहा. उद्या सकाळी कॉम्प्युटर चालू केला की स्क्रीन आल्या-आल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकदम दाबजा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतात. माझा अंदाज आहे की तुमच्या इथं डिस्कचा आकडा १०० टक्क्यावर जाऊन चिकटलेला असेल अन् पाच-सात मिनिटं खाली येणार नाही, सीपीयू मात्र वीस-तीसच्या आसपास आरामात बसलेला असेल. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसला आहे, वाट पाहून राहिला आहे डिस्ककडून माल येण्याची. आता सांगा, अशा वेळी आय-थ्रीच्या जागी आय-सेव्हन प्रोसेसर टाकला तरी तोही वाटच पाहील ना.

हे काहून होते ते थोडं समजून घ्या, कारण एकदा समजलं की दुकानात कोणी काही सांगितलं तरी तुम्ही डगमगणार नाही. हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी असते, मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी, अन् तिच्यावर एक सुई इकडून तिकडे सरकून माहिती वाचते. एकच मोठी फाइल असली तर ती पटापट वाचते. पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या बारक्या फायली मागते अन् त्या तबकडीवर कुठं कुठं पसरलेल्या असतात. एखाद्याला वावराच्या या धुऱ्यावरून एक बोंड वेचायला लावलं, मग त्या धुऱ्यावरून एक, मग परत इकडे, तर दिवसभरात त्याचं किती वेचून होईल? मेहनत तेवढीच, पण सारा वेळ चालण्यात गेला. हार्ड डिस्कची सुई अशी सेकंदाला शंभर-सव्वाशे जागी जाऊ शकते, त्याच्यावर नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावता येते, ती चिपांवर माहिती ठेवते; तिच्यात तबकडी नाही, सुई नाही, काही फिरतच नाही, ती सेकंदाला हजारो जागचं वाचून देते. म्हणून जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी लावली की माणसाला वाटते नवीनच आणला.

तर पहिला खर्च एसएसडी. अडीच इंची, साटा जोडणीची घ्यायची, २४० किंवा २५६ जीबीची. दुकानात एम-डॉट-टू नावाची लांबुडकी पट्टीसारखी पण मिळते, ती तुमच्या मदरबोर्डला, म्हणजे ज्या बोर्डवर सगळे भाग बसतात त्याला, लागणार नाही, घेऊ नका. १२० जीबीची स्वस्त पडते पण विंडोज अन् त्याचे अपडेट मिळून ती लवकर भरते, भरलेली एसएसडी हळू होते, थोड्याशासाठी तिकडे जाऊ नका. नावाजलेल्या कंपनीची, तीन वर्षं वॉरंटी, अन् पक्कं बिल. बिलाशिवाय वॉरंटीचा काही उपयोग होत नाही हे आपल्याकडे लोक घरी आल्यावर शिकतात.

दुकानदार कदाचित म्हणेल की तुमच्या बोर्डवर एसएसडीची पूर्ण स्पीड येत नाही. ते अर्धं खरं आहे. त्या काळातल्या आय-थ्रीसोबत बहुतेक ठिकाणी एच-६१ चिपसेटचा बोर्ड यायचा अन् त्याच्यावरचे साटा पोर्ट जुन्या साटा-२ चे असतात, म्हणजे एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबी देऊ शकते तिथं अडीचशे-पावणेतीनशेच मिळतात. पण ताई, तुमचा फायदा त्या आकड्यातून येणारच नाही, तो येणार आहे सुईचं चालणं वाचल्यामुळे, अन् ते साटा-२ वर पण पूर्ण वाचते. चहा व्हायच्या जागी पाणी गरम होईस्तोवर डेस्कटॉप समोर येईल.

आता थांबा, एसएसडी घ्यायला जायच्या आधी एक काम, अन् हे काम सोडून बाकी काहीच करू नका. बचत गटाचा हिशोब. तो आज त्या एकाच दहा-बारा वर्षं फिरलेल्या तबकडीवर आहे ना? आजच पेनड्राइव्हवर कॉपी करा, दुसरी कॉपी तुमच्याच मेलवर पाठवून ठेवा, अन् चालू वर्षाचं खतावणीचं पान प्रिंट काढून फायलीला लावा. गटातल्या बाया महिन्याला शंभर-दोनशे रुपये कशा काढतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्याकडे एकदा एक जण असाच डब्बा घेऊन आला होता, त्याच्यात त्यांच्या दूध संकलनाचे तीन वर्षांचे आकडे होते, डिस्क टक-टक आवाज करून राहिली होती अन् मी पहिले कॉपी काढायच्या ऐवजी पहिले साफसफाई करायला घेतली. संध्याकाळी चालू केली तर डिस्क दिसेचना. ते आकडे परत मिळाले नाहीत. तो माणूस मला काही बोलला नाही, चुपचाप उठून गेला, अन् ते मला आजपर्यंत टोचते. तेव्हापासून मी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी पेनड्राइव्ह मागतो.

कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर येते ते टाकून पाहा. निळं अन् गुड दाखवलं तर जुनी डिस्क फोटो-व्हिडिओ ठेवायला त्याच डब्ब्यात राहू द्या. पिवळं अन् कॉशन दाखवलं तर काढून ठेवा, तिच्यावर कामाचं काहीही ठेवू नका.

दुसरा खर्च रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी. ४ ची ८ करा, तेवढं पुरे आहे, १६ च्या मागे लागू नका. त्याच टास्क मॅनेजरमध्ये वर परफॉर्मन्स आहे, त्यात मेमरीवर गेलं की खाली लिहून येते किती स्लॉट वापरले, दोनपैकी एक की दोनपैकी दोन. एक रिकामा असला तर फक्त ४ जीबीची एक पट्टी घ्या. दोन्ही भरले असले, म्हणजे दोन-दोनच्या दोन पट्ट्या, तर ८ ची एकच घ्यावी लागेल. दुकानात सांगताना डेस्कटॉपची डीडीआर-३ असं सांगा, लॅपटॉपची आखूड असते अन् डीडीआर-४ ची खाच दुसऱ्या जागी असते, जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटतो. अन् अजून एक, हे महत्त्वाचं आहे: बाजारात काही स्वस्त ८ जीबीच्या डीडीआर-३ पट्ट्या अशा येतात की त्या फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवाल्या बोर्डवर चालतात, तुमच्यासारख्या इंटेलवर लावल्या की कॉम्प्युटर चालूच होत नाही. मी स्वतः एकदा अशी आणली, ज्यानं दिली त्यानं घेतानी काही सांगितलं नाही अन् परत घ्यायलाही तयार झाला नाही. म्हणून पट्टीचं बिल घेताना त्याच्यावर "इंटेल बोर्डवर न चालल्यास बदलून" असं लिहून घेजा. डीडीआर-३ आता जुनी झाली म्हणून वापरलेली पट्टी पण बिनधास्त घ्या, रॅम सहसा खराब होत नाही. नवीन मालाचे भाव मात्र २०२५ च्या शेवटापासून चढले आहेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी कारखान्यांचा माल तिकडे ओढला, त्यात एसएसडी पण आली. म्हणून दोन-तीन दुकानात विचारा, अमरावती-अकोल्याला कोणी जाणारं असलं तर त्यांच्याकडून पण विचारून घ्या.

बरं, रॅम लावल्यावर जर तो चार जीबीच्या वर मोजतच नसला तर घाबरू नका, तुमचं विंडोज ३२ बिटचं टाकलेलं असेल, त्याला त्याच्यावर दिसतच नाही. नवीन टाकताना ६४ बिटचं टाकायचं.

साफसफाईबद्दल तुम्ही काही विचारलं नाही पण मी सांगणारच आहे, कारण आपल्या भागात अर्धे डब्बे त्याच्यानंच मरतात. हिवरखेडला एका ओळखीच्यांकडे ऐन मे महिन्यात गेलो होतो, त्यांचा कॉम्प्युटर दहा मिनिटं चालायचा अन् फटकन बंद व्हायचा, त्यांनी सांगितलं बोर्ड गेला असं एकानं निदान केलं आहे. डब्ब्याची बाजू उघडली तर प्रोसेसरच्या पंख्याखाली जाळीवर नमद्यासारखा थर बसला होता, करड्या रंगाचा, बोटानं उचलला तर अख्खा गोल निघून आला. घरात त्यांनी दोन हंगाम कापूस भरून ठेवला होता त्याच खोलीत, त्याचा बारीक तंतू अन् सोयाबीन काढतानीचा भुसा, पंखा ते सगळं खेचून खेचून आत दाबत गेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री अन् आत हवाच जाईना, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होणार नाही तर काय. तो थर काढला, प्रोसेसरची उष्णता बाहेर ओढायला लावतात ती पेस्ट वाळली होती, ती पुसली, नवीन लावली, तो कॉम्प्युटर आजही चालू आहे.

हे तुम्ही अन् पोरगा मिळून घरी करू शकता. पहिले वायर भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. डब्बा बाहेर ओसरीत घ्या. रंगाचा कोरा कोरडा ब्रश घ्या, ओला कपडा नाही. पंखा साफ करताना त्याला एका बोटानं धरून ठेवा, फुंकणीच्या हवेनं तो गरगर फिरवू नका. पाठीमागचा तो लोखंडी चौकोनी खोका, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो उघडायचा नाही, त्याच्यात वायर काढल्यावर पण झटका उरलेला असतो, बाहेरूनच ब्रश मारा. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसलेला असतो, खिट्टीच्या डोक्यावर बाण असतो, तिकडे फिरवली की सुटते. पेस्ट लावायची तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध, बस. लोक पराठ्याला तूप लावल्यासारखी लावतात, त्यानं काही जास्त थंड होत नाही. परत बसवताना चारही खिट्ट्या टक आवाज येईपर्यंत दाबा, एक जरी उचललेली राहिली तर तापणार. रॅमची पट्टी काढली आहेच तर तिच्या सोनेरी दातांवर साधं शाळेचं खोडरबर हलक्या हातानं घासा, कचरा झटका, परत लावा. चालू केल्यावर एकसारखी बीप-बीप येऊन राहिली तर पट्टी नीट बसली नाही असं समजा, दोन्ही बाजूच्या क्लिपा आपोआप लागल्या पाहिजेत.

अन् बोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल दिसेल, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. तो बदला. तुमची तारीख २०१२ ला जाते ती त्याच्यामुळेच, अन् तारीख चुकली की बँकेच्या अन् सरकारी साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची एरर येते, लोकांना वाटते इंटरनेट खराब आहे.

आता यूपीएस. बॅटरी फक्त बदला, पूर्ण यूपीएस घेऊ नका. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत ती जातेच. नवीन लावली की तुमच्यासारख्या कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढे भरपूर झाले. लाइन जाऊन धाडकन बंद होणं हे हार्ड डिस्कला वाईट, एसएसडीला पण वाईट, अन् उघड्या असलेल्या हिशोबाच्या फायलीला सगळ्यात वाईट. एसएसडी अन् रॅममध्येच सगळे पैसे घालून यूपीएस तसाच ठेवला असं करू नका, मला विचाराल तर ८ जीबी रॅम थोडी मागे ढकला पण बॅटरी याच खेपेला घ्या. घरी इन्व्हर्टर असला तर त्याच्या मागे बहुतेक एक बटन असते, यूपीएस मोडचं, ते यूपीएसवर ठेवा, नाही तर लाइन गेल्यावर तो बदलायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन जातो.

डब्ब्याच्या लोखंडाला हात लागला की झिणझिण्या येतात का, हे सांगा. येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत गळतीचा थोडा करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जावा अशीच रचना केलेली असते, वायर जमिनीला पोचलीच नाही तर तो डब्ब्यावरच उभा राहतो. तीन पिनच्या बोर्डात तिसरं भोक नुसतंच शोभेला आहे अशी घरं मी खूप पाहिली. इलेक्ट्रिशियन बोलवून घराच्या मागे मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा करून घ्या, अन् उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत जा, वाळलेल्या जमिनीत अर्थिंग धरत नाही. हे सहा हजारात धरू नका, हे घराचं काम आहे, पोरंबाळं अनवाणी फिरतात. अन् मिरगाच्या सुमारास ढग कडाडायला लागले की नुसतं बटन बंद करून भागत नाही, वायर भिंतीतून उपसून ठेवजा, अन् इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर ती पण.

कुलरबद्दल दोन वाक्यं. कुलर अन् कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशनवर लावू नका, मोटर चालू होताना व्होल्टेज झटकन पडते. अन् कुलरच्या तोंडासमोर डब्बा ठेवू नका, तुम्हाला गार वाटते पण ती ओली हवा आहे, बोर्डवर गंज चढतो. डब्बा टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब, अन् बाजूचं झाकण लावलेलं. उघडं ठेवलं की हवा लागते असं सगळ्यांना वाटते पण पाली जातात आत, अन् पाल एसएमपीएसमध्ये गेली की ती पण जाते अन् एसएमपीएस पण.

एसएसडी बसवताना पोराला हे सांगजा: जुन्या डिस्कची वायर काढून ठेवायची अन् मगच विंडोज टाकायचं, नाही तर चालू व्हायच्या फायली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात अन् पुढं ती काढली की काहीच चालू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, साटा मोड एएचसीआय करा, आयडीई नाही. डब्ब्यात अडीच इंचीची जागा नसली तर दोन्ही बाजूनं चिकटणाऱ्या टेपनं आत चिकटवली तरी चालते, काही हलतच नाही तिच्यात.

आता विंडोजचं खरं खरं सांगतो. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज अकराला इंटेलची आठवी पिढी अन् टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे, तुमचा तिसऱ्या पिढीचा आहे, कंपनीच्या नियमात तो बसत नाही. जुगाड करून टाकून देणारे भेटतील, पण उद्या एखादं मोठं अपडेट अडलं तर तुम्ही फॉर्मची शेवटची तारीख पाहाल की ते निस्तरत बसाल. विंडोज दहाला मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग सिंक चालू केलं तर पैसे लागत नाहीत, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते, २२-एच-२ आवृत्ती पाहिजे फक्त. ती नोंदणी करून घ्या. तुमचं विंडोज असली असेल तर बोर्ड तोच राहणार म्हणून नवीन एसएसडीवर टाकल्यावर इंटरनेटला जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होते. सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स असं लिहिलेलं असलं म्हणजे झालं. कोणी पेनड्राइव्हवरून ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर, मारून दिलेलं असेल तर ते परत मारू नका ताई, त्याच्यात काय काय सोबत येते ते कोणालाच दिसत नाही अन् तुमच्या कॉम्प्युटरवर गावाचे कागद असतात.

त्या कागदांबद्दल पण बोलू द्या मला. लोकांचे आधार, पासबुक, सातबारा तुमच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहतात, सगळ्यांकडेच राहतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं अन् जन्मसाल असते, म्हणजे गावात कोणालाही सुचेल असा. प्रिंट झाली, पैसे घेतले, फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, असं रोजचं करून टाका. जुनी डिस्क कोणाला द्यायची किंवा विकायची वेळ आली तर नुसती फॉरमॅट करून देऊ नका, हातोडीनं फोडून टाका.

ऑक्टोबर २०२६ च्या नंतर काय, तर विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टीम, लिनक्स मिंट. फुकट आहे, ८ जीबी अन् एसएसडीवर मस्त चालते, २२ नंबरची आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे. त्याच्यात लिबरऑफिस येते, गटाचा हिशोब त्याच्यात उघडतो अन् मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड पण लागतो. हे आधी पेनड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून पाहता येते. तसंच पाहा अन् त्यात सगळ्यात पहिले तुमचा प्रिंटर अन् अंगठ्याचं मशीन असलं तर ते जोडून पाहा, कारण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर लवकर धरत नाहीत अन् अंगठ्याच्या मशीनची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोजची असतात. ते अडलं तर फॉर्मचं काम विंडोजवर अन् बाकी सगळं मिंटवर, दोन्ही एकाच एसएसडीवर राहू शकतात. एक लक्षात ठेवा, हिशोबाची मराठी नावं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर दुसरीकडे ती भलतीच अक्षरं दिसतात, आत्ताच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या मराठीत, बदलून घ्या, ऑनलाइन कन्व्हर्टर असतात, नावं सोडून बाकी आकडे त्याच्यात टाकू नका.

पोराला माझ्याकडून सांगा की ग्राफिक कार्ड कोडिंगला लागत नाही. पायथन, सी, वेबसाइट बनवणं, हे सगळं त्याच्या आय-थ्रीवर आरामात होते, अन् मिंटमध्ये पायथन आधीच टाकलेलं येते, दुसऱ्या दिवशीपासून सुरू करू शकतो. त्याला गेम खेळायचा असेल, ते त्याचं वय आहे, त्यात वाईट काही नाही, पण दोन-अडीच हजाराचं जुनं कार्ड घेऊन नवीन गेम चालत नाहीत अन् तुमच्या डब्ब्यातला साधा एसएमपीएस त्याचा भार किती दिवस घेईल सांगता येत नाही. यूट्यूब अडकते अशी तक्रार असेल तर ७२० वर पाहायचं, त्या काळच्या चिपला नवीन पद्धतीचा व्हिडिओ स्वतःहून उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो.

त्या साडेनऊ हजाराच्या आय-सेव्हनचं आता तुम्हीच दुकानदाराला विचारा, पूर्ण नंबर काय आहे. आय-सेव्हन पहिल्या पिढीत पण होता, ८७० वगैरे, २००९ चा, तुमच्यापेक्षा जुना. २६०० असला तर दुसरी पिढी, ३७७० असला तर तुमचीच तिसरी. म्हणजे स्टिकरवर सात लिहिलं म्हणून तो नवा होत नाही, अन् विंडोज अकरा त्यातल्या एकावरही कंपनीच्या नियमानं बसत नाही. पुढच्या दोन वर्षांत पैसे जमले अन् कॉम्प्युटर बदलायचाच झाला तर ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा आय-फाइव्ह शोधा, आठव्या पिढीचे नंबर ८४००, ८५०० असे आठनं सुरू होणारे चार आकडी असतात. तुमची आत्ताची एसएसडी त्यालाही लागेल, म्हणून ती वाया जात नाही.

पैशाचा हिशोब मी असा धरतो. एसएसडीला अडीच हजारांच्या वर जाऊ नका, वापरलेली ४ जीबी रॅम पाचशे-सहाशेत मिळाली पाहिजे, बॅटरीला हजार धरा, सेल, पेस्ट, साटाची वायर अन् १६ जीबीचा पेनड्राइव्ह मिळून सहाशे. झाले जास्तीत जास्त सत्तेचाळीसशे. उरलेले तेराशे-चौदाशे खर्च करू नका, एसएमपीएससाठी बाजूला ठेवा, कारण २०१३ चा आहे, तो एखाद्या दिवशी जाईलच अन् तेव्हा हातात पैसे पाहिजेत. बोर्ड साफ करताना गोल उभ्या डब्या (कपॅसिटर) दिसतील, त्यांची डोकी सपाट पाहिजेत. एखादी फुगलेली दिसली तर एसएसडी सोडून बाकी काहीच घेऊ नका अन् मला फोटो काढून पाठवा, मग आपण वेगळा विचार करू.

बॅटरी आणली की तिच्यावर मार्करनं तारीख लिहून ठेवजा, पुढच्या वेळी यूपीएस टीं करायला लागला की दुकानात कोणाला विचारायची गरज पडणार नाही.